अणुशास्त्रज्ञाची लोकप्रतिमा आणि गुप्ततेचा कारभार

दुसरे महायुद्ध संपेपर्यंत भौतिकशास्त्रज्ञ सामान्य वाचकाच्या नजरेत भरावा असे फारसे कारण नव्हते. आइन्स्टाइन यांचा अपवाद सोडला, तर या शास्त्रातली मोठमोठी नावे विद्यापीठांच्या आवारातच राहिली होती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला आणि काही आठवड्यांतच वृत्तपत्रांच्या पानांवर अणुशास्त्रज्ञ नावाची एक नवी व्यक्तिरेखा अवतरली, जी पुढची वीसेक वर्षे कधी तारणहार, कधी गुन्हेगार, तर कधी हुतात्मा म्हणून लोकांसमोर येत राहिली. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय अणुविज्ञानाचा इतिहास हा नसून, त्या विज्ञानाचे आणि ते करणाऱ्या माणसांचे जनमानसात जे चित्र उभे राहिले ते कोणी, कशासाठी आणि कोणत्या साधनांनी उभे केले, हा आहे. हे चित्र आपोआप उमटलेले नाही. काय सांगायचे आणि काय दडवायचे याचे जे निर्णय सरकारी कचेऱ्यांत झाले त्यांनी त्याची चौकट ठरवली, आणि त्या चौकटीत शास्त्रज्ञ देव म्हणून दिसो वा दैत्य म्हणून, नागरिकाच्या वाट्याला दोन्ही वेळा प्रेक्षकाचीच जागा आली, असे येथील प्रतिपादन आहे.

या प्रतिमेचा पाया ज्या दस्तऐवजाने घातला त्याच्याकडे आधी वळले पाहिजे. नागासाकीनंतर तीनच दिवसांनी, म्हणजे जपानने शरणागती जाहीर करण्याच्याही आधी, १२ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकी सरकारने अणुबॉम्बच्या निर्मितीचा अधिकृत वृत्तांत प्रसिद्ध केला. तो प्रिन्स्टन विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ हेन्री स्माइथ यांनी लिहिलेला असल्यामुळे स्माइथ अहवाल या नावाने ओळखला जातो. एवढ्या गुप्त प्रकल्पाचा अहवाल सरकारनेच इतक्या घाईने छापावा याचे आश्चर्य वाटणे साहजिक आहे. पण त्यामागचा हिशेब सरळ होता. काहीतरी सांगितल्याशिवाय गत्यंतर नव्हते, आणि जे सांगू ते अधिकृत ठरले की त्यापलीकडे बोलणाऱ्याला थोपवणे सोपे जाणार होते. म्हणून अहवालात काय यावे याचे नियम ठरले, आणि शास्त्रज्ञांना आधीच ठाऊक असलेल्या किंवा बॉम्ब बनवणाऱ्याला प्रत्यक्ष मदत न करणाऱ्या माहितीलाच त्यात जागा मिळाली.

आता, आधीच ठाऊक असलेले काय होते? डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिन येथे ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमन यांना, युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा केल्यावर त्यातून बेरियम हे बरेच हलके मूलद्रव्य निघाल्याचे आढळले. युरेनियमच्या अणूचे केंद्रक दुभंगले, असा त्याचा अर्थ स्वीडनमध्ये निर्वासित म्हणून राहत असलेल्या लीझ माइटनर यांनी आपले भाचे ओटो फ्रिश यांच्या साहाय्याने लावला. यालाच विखंडन म्हणतात. विखंडनातून ऊर्जा बाहेर पडते आणि नवे न्यूट्रॉनही सुटतात. ते न्यूट्रॉन शेजारची केंद्रके फोडतात, त्यांतून आणखी न्यूट्रॉन सुटतात आणि क्रिया स्वतःच्या बळावर चालू राहते, तिला शृंखला अभिक्रिया असे नाव आहे. हे सारे युद्धाआधीच उघड नियतकालिकांत छापून आलेले होते. याउलट प्लुटोनियम वेगळे काढण्याचे रसायनशास्त्र, युरेनियम शुद्ध करण्याचे धातुशास्त्र, अवाढव्य कारखाने उभारण्याचे अभियांत्रिकी कौशल्य आणि बॉम्बची प्रत्यक्ष जुळणी या गोष्टी नव्या होत्या, आणि म्हणूनच गुप्त राहिल्या. परिणामी जो वृत्तांत जगाने वाचला त्यात भौतिकशास्त्राची कहाणी तपशिलाने आली आणि बाकीच्या शास्त्रांचे व शिल्पांचे उल्लेख पुसट झाले. अणुबॉम्ब ही भौतिकशास्त्रज्ञांच्या प्रतिभेची निर्मिती आहे, ही समजूत आजही इतकी घट्ट आहे की तिचा उगम एका गोपनीयतेच्या नियमात आहे हे सहसा कोणाच्या लक्षातही येत नाही.

वस्तुस्थिती काय होती ते टेनेसी राज्यातील ओक रिज या गावाकडे पाहिल्यावर कळते. प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे दोन अब्ज डॉलर झाला, आणि त्यातला बहुतांश ओक रिज व हॅनफर्ड येथील कारखान्यांवर झाला. ज्या लॉस अलामॉसचे नाव सर्वांच्या तोंडी आहे त्या प्रयोगशाळेचा वाटा त्यामानाने अगदीच लहान होता. भर उत्पादनाच्या काळात प्रकल्पावर सव्वा लाखाच्या आसपास माणसे काम करीत होती. ओक रिज येथे कॅल्युट्रॉन नावाची यंत्रे होती, जी चुंबकाच्या साहाय्याने युरेनियमचा विखंडनक्षम समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार, निवडून वेगळा काढीत. या यंत्रांच्या नियंत्रण-पटलांवर बसवलेल्या बहुसंख्य कामगार आसपासच्या भागातून आलेल्या, नुकतेच शालेय शिक्षण संपवलेल्या तरुण मुली होत्या. प्रकल्पाचे अधिकृत छायाचित्रकार एड वेस्टकॉट यांनी टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीपेक्षा उंच पटलांची रांग, प्रत्येक पटलासमोर उंच स्टुलावर एक मुलगी, हात बटणांवर आणि नजर डायलच्या काट्यावर. काटा ठरलेल्या जागेवरून हलला की बटण फिरवून तो पूर्वस्थितीला आणायचा, एवढे त्यांना शिकवलेले होते. आपण काय तयार करीत आहोत हे त्यांना हिरोशिमाची बातमी येईपर्यंत सांगण्यात आले नव्हते. अणुयुगातील श्रमाचे इतके नेमके चित्र दुसरे नाही. पण लोकांच्या मनातले अणुशास्त्राचे चित्र या दालनातून निघाले नाही. ते निघाले विस्कटलेल्या केसांच्या एका वृद्ध चेहऱ्यातून.

१ जुलै १९४६ रोजीच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आइन्स्टाइन यांचा चेहरा, मागे छत्रीसारखा उठलेला स्फोटाचा ढग आणि त्या ढगावर वस्तुमान व ऊर्जा यांचा संबंध सांगणारे त्यांचे सुप्रसिद्ध समीकरण असे चित्र होते. विखंडनात किती ऊर्जा सुटेल याचा हिशेब ते समीकरण देते हे खरे; परंतु ते १९०५ साली मांडले गेले तेव्हा न्यूट्रॉनाचाच शोध लागायचा होता, आणि समीकरणावरून बॉम्ब बनवता येत नाही. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड यांच्या आग्रहावरून आइन्स्टाइन यांनी २ ऑगस्ट १९३९ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांना लिहिलेल्या पत्रावर सही केली, एवढाच त्यांचा या प्रकरणाशी थेट संबंध; बॉम्बच्या प्रकल्पात काम करण्यासाठी ते सुरक्षेच्या दृष्टीने विश्वासार्ह मानले गेले नव्हते. असे असता मुखपृष्ठाने जो कार्यकारणभाव सुचवला तो लोकांनी सहज स्वीकारला, कारण एका चेहऱ्याला जबाबदार धरणे एका व्यवस्थेला जबाबदार धरण्यापेक्षा नेहमीच सोपे असते.

चित्रे जशी घडवली गेली तशा बातम्याही घडवल्या गेल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे विज्ञानवार्ताहर विल्यम लॉरेन्स यांना १९४५ मध्येच प्रकल्पाने आपल्या कामासाठी घेतले होते, सरकारची प्रसिद्धिपत्रके त्यांनी लिहिली आणि नागासाकीवरच्या मोहिमेत ते निरीक्षणाच्या विमानात बसले. दुसरीकडे ऑस्ट्रेलियन पत्रकार विल्फ्रेड बर्चेट सप्टेंबरच्या आरंभी स्वतःच्या हिमतीवर हिरोशिमाला पोहोचले. स्फोटात अंगाला ओरखडाही न उठलेली माणसे नंतर कोणत्यातरी अनाकलनीय व्याधीने दगावत आहेत, ही त्यांची बातमी ५ सप्टेंबरला लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’मध्ये आली. तिला उत्तर म्हणून प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्हज यांनी पत्रकारांचा एक गट न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात, १६ जुलैला जेथे पहिली चाचणी झाली होती त्या ट्रिनिटी या जागी नेला. जमिनीत किरणोत्सर्ग, म्हणजे अस्थिर अणूंमधून बाहेर पडणारे घातक प्रारण, उरलेला नाही हे दाखवण्याचा या भेटीचा उद्देश होता. तेथे घेतलेल्या छायाचित्रात ग्रोव्हज आणि लॉस अलामॉसचे संचालक रॉबर्ट ओपेनहायमर स्फोटाने वितळून गेलेल्या मनोऱ्याच्या पायाशी उभे आहेत, मधे काँक्रीटमधून वर आलेल्या पिळवटलेल्या सळया आहेत, आणि दोघांच्याही बुटांवर पांढऱ्या कापडी पिशव्या चढवलेल्या आहेत. किरणोत्सर्गी माती तळव्यांना चिकटून बाहेर जाऊ नये म्हणून ती व्यवस्था होती. धोका नाही हे सिद्ध करण्यासाठी काढलेल्या छायाचित्रात धोक्यापासून बचावाचे साधन इतके स्पष्ट दिसत असूनही जगाने त्याकडे लष्करी गणवेशातला अधिकारी आणि टोपीतला शास्त्रज्ञ यांच्या विजयाचे चित्र म्हणूनच पाहिले. लॉरेन्स यांनी या भेटीवर आधारलेली, जपानी दावे खोडून काढणारी बातमी १२ सप्टेंबरला दिली. पुढल्या वर्षी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले. हिरोशिमात माणसांचे काय झाले हे अमेरिकी वाचकाला सविस्तर कळण्यास ३१ ऑगस्ट १९४६ हा दिवस उजाडावा लागला, जेव्हा ‘न्यूयॉर्कर’ने आपला संपूर्ण अंक जॉन हर्सी यांच्या लेखाला दिला. त्यात दोन डॉक्टर, एक कारकून तरुणी, शिंप्याची विधवा, एक जर्मन पाद्री आणि एक जपानी धर्मोपदेशक अशा सहा वाचलेल्या माणसांची कथा होती.

हॉलिवूडनेही घाई केली. मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीचा ‘द बिगिनिंग ऑर द एंड’ हा चित्रपट १९४७ मध्ये आला, आणि बॉम्ब टाकण्यापूर्वी इशारा देणारी पत्रके टाकण्यात आली होती असे त्यात सांगितले गेले, जे हिरोशिमाच्या बाबतीत खरे नव्हते. माइटनर यांनी पडद्यावर आपले पात्र दाखवायला साफ नकार दिला. युद्धकाळात बॉम्बच्या कामात सहभागी होण्यासही त्यांनी नकारच दिला होता, तरीही १९४६ मध्ये त्या अमेरिकेत गेल्या तेव्हा वृत्तपत्रांनी त्यांना बॉम्बची जननी ठरवण्याचा प्रयत्न केला. ज्या स्त्रीला नोबेल पारितोषिकातून वगळण्यात आले, तिच्यावर न केलेल्या कामाचे श्रेय लादले गेले.

शास्त्रज्ञ या साऱ्यात केवळ इतरांच्या हातची बाहुली होते असे समजणे चुकीचे ठरेल. शिकागो येथे प्रकल्पात काम केलेल्या शास्त्रज्ञांनी १९४५ च्या डिसेंबरमध्ये एक पत्रिका सुरू केली, जी ‘बुलेटिन ऑफ द अटॉमिक सायंटिस्ट्स’ या नावाने आजही निघते. जून १९४७ च्या अंकासाठी चित्रकार मार्टिल लँग्सडॉर्फ यांनी घड्याळाची तबकडी मुखपृष्ठावर आणली आणि काटा मध्यरात्रीच्या सात मिनिटे अलीकडे ठेवला, तो डोळ्याला बरा दिसतो म्हणून. १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने पहिली चाचणी केल्यावर काटा तीन मिनिटांवर आणि हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनंतर १९५३ मध्ये दोन मिनिटांवर आला. सर्वनाशाचे घड्याळ ही शास्त्रज्ञांनी लोकांना दिलेली कदाचित सर्वांत प्रामाणिक प्रतिमा आहे, कारण तिच्यात कोणाचा चेहरा नाही आणि भय लपवलेले नाही. पण तिच्यातही काटा हलवण्याचा अधिकार शास्त्रज्ञांच्याच मंडळाकडे आहे, आणि लोकांनी तो फक्त पाहायचा आहे.

ओपेनहायमर यांच्या प्रतिमेचा प्रवास या सर्वांत बोलका आहे. मे १९४८ मध्ये ‘फिजिक्स टुडे’ या मासिकाच्या पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर यंत्राच्या नळ्यांवर ठेवलेली त्यांची पसरट टोपी तेवढी छापली होती. माणूस नाही, नाव नाही. टोपी पुरेशी होती. सहा वर्षांनी याच माणसाची, एप्रिल व मे १९५४ मध्ये, अणुऊर्जा आयोगाच्या मंडळापुढे बंद दाराआड सुनावणी झाली, आणि जूनअखेर गोपनीय माहिती हाताळण्याची त्यांची परवानगी काढून घेण्यात आली. जवळपास हजार पानांचे त्या सुनावणीचे इतिवृत्त सरकारने छापले, त्यावरून नाटके झाली, आणि वीर शास्त्रज्ञाचा हुतात्मा शास्त्रज्ञ झाला. त्यांच्यावर अन्याय झाला याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने तो निर्णय रद्दही केला. पण हौतात्म्याच्या या कथेखाली एक अधिक महत्त्वाचा प्रश्न गाडला गेला. ऑक्टोबर १९४९ मध्ये ओपेनहायमर यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार समितीने हायड्रोजन बॉम्बचा तातडीचा कार्यक्रम हाती घेऊ नये असा सल्ला दिला होता. हायड्रोजन बॉम्ब संमीलनावर, म्हणजे हलकी केंद्रके एकत्र येऊन जड केंद्रक बनण्याच्या क्रियेवर, चालतो आणि त्याच्या संहारशक्तीला तत्त्वतः वरची मर्यादा नाही. तो सल्ला गुप्त होता, त्यावरची चर्चा मूठभर माणसांत झाली, आणि ३१ जानेवारी १९५० रोजी अध्यक्ष ट्रुमन यांनी उलट निर्णय जाहीर केला. ज्या निर्णयावर सर्वांचे जगणे-मरणे अवलंबून होते तो घेताना कोणालाही विचारले गेले नाही. आणि चार वर्षांनी जेव्हा विषय लोकांपुढे आला तेव्हा तो एका माणसाच्या निष्ठेचा विषय होऊन आला.

भारतीय वाचकाला ओपेनहायमर यांची ओळख प्रामुख्याने गीतेमुळे आहे. बर्कली येथे आर्थर रायडर यांच्याकडे ते संस्कृत शिकले होते, आणि ट्रिनिटीच्या स्फोटाच्या वेळी गीतेच्या अकराव्या अध्यायातील श्लोक आठवला असे त्यांनी १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर सांगितले. त्या पहाटे जवळ असलेले त्यांचे बंधू फ्रँक यांच्या आठवणीप्रमाणे मात्र तेव्हा तोंडून निघाले ते इतकेच, की ते यशस्वी झाले. विश्वरूपदर्शनाचा अध्याय ज्याने ज्ञानेश्वरीत वाचला आहे त्या मराठी वाचकाला या प्रसंगातली विसंगती तत्काळ जाणवावी. ‘मी काळ आहे’ असे सांगणारा तो श्लोक बोलणारा भगवंत आहे, माणूस नव्हे. माणूस आहे तो अर्जुन, आणि तो थरथर कापत हे रूप आवरण्याची विनवणी करतो आहे. शास्त्रज्ञाला काळाच्या जागी बसवणारी ही प्रतिमा भव्य असली तरी ती वस्तुस्थिती झाकते. खरी जबाबदारी पाहायची तर तीही कागदावर उपलब्ध आहे. जपानवर बॉम्ब टाकण्याऐवजी आधी त्याचे प्रात्यक्षिक दाखवावे, अशी मागणी जून १९४५ मध्ये शिकागोच्या शास्त्रज्ञांनी जेम्स फ्रँक यांच्या नेतृत्वाखाली लेखी केली होती. ओपेनहायमर, एन्रिको फर्मी, अर्नेस्ट लॉरेन्स आणि आर्थर कॉम्प्टन या चौघा भौतिकशास्त्रज्ञांच्या समितीने १६ जूनच्या टिपणात प्रत्यक्ष लष्करी वापराला स्वीकारार्ह पर्याय दिसत नाही असे कळवले, आणि राजकीय, सामाजिक व लष्करी प्रश्न सोडवण्याची विशेष पात्रता आपल्याकडे नाही असेही त्याच टिपणात लिहिले. पात्रता नाही हे मान्य करून दिलेला तो सल्ला होता. श्लोकापेक्षा हे टिपण शाळा-महाविद्यालयांतून शिकवले गेले असते तर अणुशास्त्रज्ञाविषयी लोकांची समज कितीतरी अधिक सखोल झाली असती.

१९५४ हे साल या विषयात निर्णायक ठरते. १ मार्च रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटांवर १५ मेगाटन शक्तीचा, म्हणजे दीड कोटी टन टीएनटी स्फोटकाइतका, हायड्रोजन बॉम्बचा स्फोट केला. अपेक्षेपेक्षा तो अडीच पट मोठा निघाला, आणि दूरवर मासेमारी करणाऱ्या ‘भाग्यवान ड्रॅगन क्रमांक ५’ या जपानी बोटीवर प्रवाळाची किरणोत्सर्गी राख कित्येक तास बर्फासारखी भुरभुरत राहिली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले. बोट धोक्याच्या क्षेत्रातच असली पाहिजे, असे अमेरिकी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुइस स्ट्रॉस यांनी जाहीर केले. याच स्ट्रॉस यांनी १६ सप्टेंबरला विज्ञानलेखकांच्या सभेत, आपल्या मुलांना वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर लावण्याची गरजच उरणार नाही, असे भाकीत केले. त्यानंतर एका आठवड्याने, २३ सप्टेंबरला, बोटीवरचे बिनतारी-यंत्रचालक आइकिची कुबोयामा मरण पावले. त्या वर्षी ३ नोव्हेंबरला जपानमध्ये ‘गोजिरा’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यातल्या राक्षसी प्राण्याची जगभर इतकी चर्चा झाली की सेरिझावा या शास्त्रज्ञाचे पात्र मागे पडले. आपल्या हाती आलेला शोध राज्यकर्त्यांच्या हाती गेला तर काय होईल हे ओळखून तो आपली कागदपत्रे जाळतो, आणि ज्ञान आपल्या डोक्यातही उरू नये म्हणून समुद्रतळाशी स्वतःचा अंत करून घेतो. ज्यांच्यावर बॉम्ब पडला त्या समाजाने निर्माण केलेली ही शास्त्रज्ञाची प्रतिमा आहे, आणि ती पाश्चात्त्य पडद्यावरच्या वेड्या संशोधकांपेक्षा कितीतरी अधिक गंभीर आहे.

दुसऱ्या बाजूने शांततामय अणूची प्रतिमा उभी केली जात होती. ८ डिसेंबर १९५३ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे अणूचा उपयोग शांततेसाठी करण्याची योजना मांडली, आणि तिचे सर्वांत देखणे रूप ऑगस्ट १९५५ मध्ये जिनीव्हा येथे दिसले. ७३ देशांचे प्रतिनिधी जमलेल्या या परिषदेसाठी अमेरिकेने एक चालू अणुभट्टी विमानाने आणून राष्ट्रसंघाच्या जुन्या प्रासादाच्या आवारात बसवली. खोल पाण्यात बुडवलेल्या इंधनाभोवती निळसर प्रकाश दिसे. पाण्यातील प्रकाशाच्या वेगापेक्षा अधिक वेगाने कण धावले की तो दिसतो, आणि त्याला चेरेन्कोव्ह प्रारण म्हणतात. मशरूमसारख्या ढगाच्या जागी हा शांत निळा प्रकाश आला. १९५७ च्या जानेवारीत वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने अणूला बाटलीतून निघालेल्या आज्ञाधारक जिनाचे रूप देऊन तो घरोघर पोहोचवला.

जिनीव्हाच्या त्या परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा होते, आणि येथून हा विषय मुंबईत येतो. मानवी इतिहासाचे ऊर्जेच्या दृष्टीने तीन कालखंड पडतात, स्नायुबळाचा, कोळसा-तेलाच्या ज्वलनाचा आणि अणूचा, आणि मागासलेल्या प्रदेशांच्या औद्योगिकीकरणासाठी अणुऊर्जा अपरिहार्य आहे, अशी मांडणी त्यांनी अध्यक्षीय भाषणात केली. संमीलनाची ऊर्जा दोन दशकांत काबूत येईल असेही भाकीत केले. वर्षभरात, ४ ऑगस्ट १९५६ रोजी, तुर्भे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली. जिनीव्हात दिसला तोच निळा प्रकाश तिच्या जलाशयात होता. आराखडा आणि बांधणी भारतीय होती, इंधन ब्रिटनचे होते. पाठोपाठ कॅनडाच्या साहाय्याने उभारलेल्या ‘सायरस’ भट्टीचा घुमट मुंबईच्या खाडीकाठावर उठला आणि घारापुरीला बोटीने जाणाऱ्या प्रवाशांना नव्या भारताची खूण म्हणून दिसू लागला. भाभा स्वतः चित्रकार होते, संगीताचे जाणकार होते, बागांची आखणी जातीने करणारे होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या कुलाब्यातील इमारतीत त्यांनी चित्रांचा जो संग्रह उभारला तो देशातल्या उत्तम संग्रहांपैकी आहे. अमेरिकेत अणुशास्त्रज्ञाभोवती अपराधाची छाया होती, ती भारतीय प्रतिमेवर पडली नाही. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला आपलाही माणूस जगाच्या व्यासपीठाच्या मध्यभागी बसतो याचा आनंद झाला, आणि तो आनंद रास्त होता.

तथापि या प्रतिमेच्या मागे उभा असलेला कारभार पाहिला पाहिजे. एप्रिल १९४८ मध्ये अणुऊर्जेचे विधेयक संविधान सभेत, तिच्या कायदेमंडळ म्हणून भरलेल्या बैठकीत, आले तेव्हा एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी नेमका प्रश्न विचारला, की ब्रिटनच्या कायद्यात गुप्तता संरक्षणविषयक संशोधनापुरती आहे, मग भारताच्या विधेयकात ती शांततामय संशोधनालाही का लागू व्हावी. शांततामय आणि संरक्षणविषयक उपयोगांत फरक कसा करायचा हे आपल्याला उमगत नाही, अशी कबुली नेहरूंनी उत्तरात दिली. कबुली प्रांजळ होती, पण कायदा गुप्ततेचाच झाला. त्याच वर्षी अणुऊर्जा आयोग स्थापन झाला, १९५४ मध्ये थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीतले स्वतंत्र खाते झाले, आणि आयोगाचे अध्यक्ष, खात्याचे सचिव व कुलाब्याच्या संस्थेचे संचालक ही तिन्ही पदे भाभांकडे आली. कलकत्त्याहून लोकसभेवर निवडून आलेले मेघनाद साहा यांनी मे १९५४ मध्ये अणुऊर्जेवर संसदेत चर्चा घडवून आणली, या बंदिस्तपणावर टीका केली. ते स्वतः थोर भौतिकशास्त्रज्ञ असूनही त्यांच्या टीकेने प्रतिमेवर ओरखडा उठला नाही. जिथे माहितीच बाहेर येत नाही तिथे व्यक्तीवरचा विश्वास हा एकच आधार लोकांना उरतो, आणि भाभांसारखी कर्तबगार व्यक्ती असली की तो पुरेसाही वाटतो.

या संदर्भात मराठी समाजाने विसरू नये असे एक नाव आहे. बौद्धविद्येचे पंडित धर्मानंद कोसंबी यांचे पुत्र दामोदर कोसंबी, जन्माने गोव्याचे आणि कर्माने पुण्याचे, टाटा संस्थेत आरंभापासून गणिताचे प्राध्यापक होते. भाभांनीच त्यांना तिथे आणले होते, आणि पुण्याहून डेक्कन क्वीनने ते कामावर जात असत. प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती मोठी आहे. जागतिक शांतता चळवळीतला त्यांचा सहभाग मात्र मराठीत फारसा बोलला जात नाही. १९६० साली पुण्यात रोटरी क्लबपुढे भारतातील अणुऊर्जेवर त्यांनी भाषण केले. अणुविजेचा खरा खर्च किती आणि तो कोण सोसणार असे प्रश्न उपस्थित करून, भरपूर ऊन असलेल्या गरीब देशाने सौरऊर्जेच्या संशोधनावर भर द्यावा असा आग्रह ते धरत होते. सौरऊर्जेचा सर्वांत मोठा गुण विकेंद्रीकरण हा आहे, म्हणजे ती जिथे लागते तिथेच निर्माण करता येते आणि तिच्यासाठी सत्ता एका ठिकाणी एकवटावी लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अणुशास्त्रज्ञांच्याच संस्थेत बसून असे बोलणारा हा शास्त्रज्ञ देव नव्हता, दैत्य नव्हता, हुतात्माही नव्हता. आकडे मागणारा नागरिक होता, आणि अणुयुगाच्या लोकप्रतिमांत नेमकी याच माणसाला जागा मिळालेली नाही. १९६२ मध्ये संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा माँ ब्लाँच्या विमान-अपघातात गेले, पुढच्या वर्षी तुर्भेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. कोसंबी त्याच १९६६ सालच्या जूनमध्ये पुण्यात वारले.

अणुवीज-केंद्रांविषयीचा वाद महाराष्ट्राच्या किनाऱ्याला नवा नाही. तारापूरने तो पाहिला आहे, जैतापूर पाहत आहे. त्या वादात पडणाऱ्याने, मग तो कोणत्याही बाजूचा असो, भाभांचे जिनीव्हाचे भाषण आणि कोसंबींचे पुण्याचे भाषण शेजारी शेजारी ठेवून वाचावे, आणि मराठी ग्रंथालयांनी ती दोन्ही मराठीत उपलब्ध करून द्यावीत.